मिल लॅक्सच्या बर्फावरचं सामान: 2018-19 च्या हिवाळ्यातल्या नोंदी

17 नोव्हेंबर 2018, शनिवार

गॅरेजात जुनी चादर अंथरून गोठलेल्या तलावावर मासे धरायचं सगळं सामान मांडलं. बर्फाला भोक पाडायची दोन गिरमिटं (एक हाताचं सहा इंची, दुसरं अठरा व्होल्टच्या ड्रिलला लावायचं आठ इंची), आखूड काठ्या आणि त्यांची रिळं, झेंडेवाले टिप-अप (भोकावर ठेवायचे, मासा ओढतो तेव्हा झेंडा उठतो), खालचे मासे दाखवणारा फ्लॅशर आणि त्याची 12 व्होल्टची बॅटरी, प्रोपेनचा हीटर, घसरगाडीवर बसवलेला घडीचा तंबू. निम्मं माझं, निम्मं साडूचं. तो डलुथला राहतो, मी मिनीॲपोलिसला. मिनेसोटातला मिल लॅक्स तलाव दोघांनाही सारखाच सोयीचा पडतो. नोंदी लिहायच्या त्या मुख्यतः त्याच्यासाठी. फोनवर ठरलेलं त्याच्या लक्षात राहत नाही, असं खुद्द मेव्हणीचं म्हणणं आहे.

यंदाचं काम एकच ठरवलंय: उणे 25 सेल्सिअसला सगळं सामान दिवसभर चाललं पाहिजे. उणे 10 पर्यंत काहीही चालतं. उणे 20 च्या खाली एकेक वस्तू रुसायला लागते, आणि नेमकी संध्याकाळी, वॉलआय मासे चरायला निघतात तेव्हा.

24 नोव्हेंबर

आज फक्त रिळं.

कारखान्यातून येतं ते ग्रीस उन्हाळ्यासाठी ठीक. थंडीत ते लाखेसारखं घट्ट होतं आणि हँडल फिरवायला जड जातं, एवढंच लोक सांगतात. खरी अडचण आत, उलट फिरू न देणाऱ्या बेअरिंगमध्ये आहे. त्यात बारीक रोलर असतात आणि प्रत्येकामागे केसाएवढी स्प्रिंग. हँडल उलटं फिरायला लागलं की रोलर पाचरीसारखे अडकतात आणि दांडा जागच्या जागी धरतात. ग्रीस घट्ट झालं की स्प्रिंगला रोलर ढकलवत नाही. मग काय, मासा ओढतो आणि हँडल मोकाट उलटं फिरतं. गेल्या वर्षी साडूच्या रिळाचं हेच झालं होतं, आणि आम्ही दोघं गिअरला दोष देत बसलो होतो.

तीन रिळं पूर्ण खोलली. आयसोप्रॉपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने सगळं ग्रीस काढलं. गिअरच्या दातांना अगदी पातळ सिंथेटिक तेलाचा एकेक थेंब. त्या बेअरिंगला तेवढाही नाही. तेलाचं बोट फडक्याला पुसून तेच फडकं आतून फिरवलं, बस. चौथं रीळ मुद्दाम तसंच ठेवलंय, तुलनेला.

ड्रॅगच्या (मासा जोरात ओढतो तेव्हा दोर थोडा सुटू देणाऱ्या ब्रेकच्या) चकत्या दोन रिळांत फेल्टच्या आहेत. फेल्ट पाणी शोषतं, गोठतं आणि चकत्या एकमेकींना चिकटतात. मग ड्रॅग सुटतच नाही आणि दोर तुटतो. त्या काढून कार्बनच्या बसवल्या. त्या कोरड्या चालतात.

1 डिसेंबर

दोराचा निर्णय झाला. तंबूच्या आत वेणीचा दोर, बाहेर साधं तंगूस, आणि गरीजवळ दोन्हीकडे हातभर फ्लुरोकार्बनचा दोर.

कारण असं की वेणीच्या दोरात धाग्यांच्या मध्ये पाणी राहतं. उघड्यावर दोन मिनिटांत त्याची काडी होते. नायलॉनचं तंगूसही थोडं पाणी पितं आणि थंडीत रिळाचे वेटोळे सोडत नाही, पण निदान बर्फाचा लेप बोटाने निपटून काढता येतो. फ्लुरोकार्बन पाणी जवळपास पीतच नाही. त्याचा ताठपणा मात्र सोसावा लागतो, म्हणून पूर्ण रीळ त्याचं भरत नाही.

काठीच्या कड्या हा वेगळाच ताप. ओला दोर गुंडाळला की प्रत्येक कडीत थेंब राहतो, तो गोठतो, दहा मिनिटांत कडी बुजते. शेंड्याची सगळ्यात आधी. दातांनी किंवा नखाने फोडायला गेलं की आतली सिरॅमिकची रिंग निखळते, आणि मग तिथल्या धारेवर दोर कापला जातो. यावर सगळ्यात सोपा इलाज पायाशीच असतो: काठीचा शेंडा भोकातल्या पाण्यात बुडवून चार आकडे मोजायचे. बाहेर उणे 25 असताना शून्य अंशाचं पाणी हे ऊनच म्हणायचं. बर्फ सुटतो, झटकायचं, पुढे चालू. कड्यांना ओठांचं बाम चोळण्याचा उपायही लोक करतात. करून बघणार.

15 डिसेंबर

पहिल्यांदा बर्फावर. किनाऱ्याजवळच्या एका उपसागरात, चालतच. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा सल्ला आहे की चालण्यासाठी नवा पारदर्शक बर्फ किमान 4 इंच, म्हणजे 10 सेंटिमीटर हवा. पांढरा, हिममिश्रित बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट धरायचं. दर थोड्या पावलांवर पहारीने ठोकून बघत गेलो. गळ्यात बर्फाचे टोचे (पाण्यात पडलो तर बर्फात रोवून वर यायला), बुटांना खिळे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ते नसेल तर बाकीच्या नोंदींना अर्थ नाही.

मुख्य चाचणी गिरमिटाची होती. गंमत बघा: गरम गाडीतून काढलेलं गिरमिट बर्फावर टेकवलं की त्याला लागलेलं हिम वितळतं आणि लगेच पात्यावर गोठतं. नजरेला दिसणारही नाही असा पापुद्रा, पण धारेपुढे तोच आला की पातं बर्फात शिरत नाही, नुसतं घसरतं. तेच गिरमिट रात्रभर बाहेर थंड करून नेलं तर पहिल्या फेऱ्यातच चावतं. म्हणजे गिरमिट थंडच ठेवायचं आणि ड्रिलच्या बॅटऱ्या उबेत. एकाच पेटीत दोन्ही भरायची साडूची पद्धत बंद.

भोक पूर्ण झालं की गिरमिट हवेत धरून जोरात फिरवायचं, पाणी उडून जातं. बर्फावर आपटून झटकायचं नाही, पात्यांचा कोन बिघडतो. आणि वाळू मिसळलेल्या बर्फात, म्हणजे गाड्यांच्या वाटेवर, चुकूनही भोक पाडायचं नाही. एका भोकात धार जाते.

ड्रिलवाल्या गिरमिटाच्या दांड्याला वरच्या बाजूला रुंद चकती बसवली आहे. थंडीत आणि थरथराटात ड्रिलची पकड ढिली होते, आणि पकड सुटली की गिरमिट सरळ तळाला. मिल लॅक्स सगळ्यात खोल जागी 42 फूट आहे. चकती भोकावर अडते, एवढंच तिचं काम, आणि तेवढ्यासाठी ती हवीच.

झारा: स्वयंपाकघरातला जुना पुरीचा झारा आणला होता, भोकातला चुरा काढायला. इथे मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या झाऱ्यापेक्षा सरस. स्टीलला चिकटलेला बर्फ एका टिचकीत उडतो. बायकोला नवा घेऊन दिला.

5 जानेवारी 2019

बॅटऱ्या.

फ्लॅशरची बॅटरी शिसं-आम्लाची, बंदिस्त, 7 अँपिअर-तासांची. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि उणे 20 च्या आसपास हातात निम्मीच ताकद राहते. हे सोसता येतं. सोसता येत नाही ते असं: पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे 50 लाही गोठत नाही, पण रिकाम्या बॅटरीत ते जवळजवळ पाणीच असतं आणि उणे दहाच्याही आधी गोठून खोकं फुगतं. म्हणून घरी आल्या आल्या चार्जिंगला, चहा नंतर.

लिथियमचं उलट. वापरताना ती थंडीत बऱ्यापैकी साथ देते, पण शून्याखाली चार्ज करायची नाही. आत जाण्याऐवजी लिथियम ऋणाग्रावर धातूच्या रूपात साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही. चांगल्या बॅटरीतलं सर्किट थंडीत चार्जिंग अडवतं, स्वस्तातल्या बॅटरीत ते असेलच असं नाही. गॅरेजात रात्री उणे 12 असतं, त्यामुळे चार्जर उचलून घरात कपाटाखाली नेला.

बर्फावर नेताना दोन बॅटऱ्या कोटाच्या आतल्या खिशात, बाकीच्या थर्माकोलच्या डब्यात गरम पाण्याच्या बाटलीबरोबर. डोक्यावरच्या दिव्यात साधे अल्कलाइन सेल घालायचे नाहीत. एकदाच वापरायचे लिथियमचे सेल उणे 40 पर्यंत चालतात. महाग आहेत, पण हिवाळाभर पुरतात.

26 जानेवारी

तलावावर सकाळी उणे 26. आता बर्फावर गाड्यांच्या वाटा आहेत, किनाऱ्यावरच्या रिसॉर्टवाल्यांनी हिम बाजूला सारून केलेल्या. पैसे भरायचे आणि आत जायचं.

साफ केलेली रिळं दिवसभर निमूट चालली. कारखान्याच्या ग्रीसवालं चौथं रीळ तासाभरात जड झालं आणि नंतर हँडल उलटं फिरायला लागलं. साडूने ते हातात घेऊन दोनदा उलटसुलट फिरवलं आणि काही न बोलता खिशात टाकलं. आज रात्री खोलणार.

टिप-अप: रीळ पाण्याखाली असल्यामुळे ते गोठत नाही. गोठतो तो पाण्याबाहेर येणारा दांडा, जिथे तो पाण्याच्या पातळीवर असतो तिथे. मासा ओढतो पण झेंडा उठत नाही. भोकावर फोमचं झाकण ठेवून त्यावर हिम लोटलं तेव्हा दोन तासांनीही पाण्यावर फक्त साय होती. हिमाएवढं स्वस्त पांघरूण नाही.

फ्लॅशर व्यवस्थित. त्याचं फिरणारं दिव्यांचं चक्र थंडीला दाद देत नाही. साडूच्या नव्या एलसीडी यंत्रावर मात्र मासा वर आल्यावर रेघ मागून रेंगाळत येत होती. एकदा फ्लॅशरवर सगळंच पुसट झालं. यंत्र ठीक होतं, त्याचा पाण्यात सोडायचा ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडून प्रतिध्वनी टिपणारा भाग) बाहेर काढून ठेवला होता तेव्हा त्याच्या तोंडावर बर्फ बसला होता. पाण्यात धरला, सुटला.

हीटर हा आजचा खरा वांधा. एक पौंडाच्या नव्या सिलिंडरवर दहा मिनिटांत ज्योत बारीक झाली. सिलिंडरच्या अंगावर पांढरं दाट हिम, हलवून पाहिलं तर आत गॅस भरपूर. गाडीतून ऊबदार सिलिंडर आणून वेळ मारून नेली. हे नीट हिशेबाने बघायला हवं.

29 जानेवारी

उद्याचा अंदाज बघून ठरवलं की प्रयोगाला तलावावर जायची गरजच नाही. सगळं सामान संध्याकाळी घरामागच्या अंगणात टेबलावर मांडून ठेवलं.

30 जानेवारी, बुधवार

पहाटे विमानतळावरच्या केंद्रात उणे 33 नोंदलं गेलं, फॅरनहाइटमध्ये उणे 28. राज्यात आज टपालवाटपही बंद आहे. ऑफिसने घरूनच काम करा म्हटलं. मी दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं अंगणात. शेजारचे आजोबा खिडकीतून बघत होते. अकराला त्यांनी न राहवून फोन केला, आणि मग त्यांच्याकडची 1970 च्या दशकातली लाकडी काठी आणि पितळी रीळही मांडायला पाठवलं. ते रीळ, सांगायलाच हवं, सगळ्यात मोकळं फिरलं. त्यात बेअरिंग नाही, ग्रीस नाही, रुसायला काही नाही.

प्लॅस्टिक: पॉलिप्रॉपिलीनच्या डब्याची बिजागरी पहिल्याच उघडण्यात तुटली. ते प्लॅस्टिक शून्याच्या थोडं खालीच ठिसूळ व्हायला लागतं. घसरगाडी पॉलिएथिलीनची; तिच्यावर टाच मारून पाहिली, वाकली आणि परत सरळ. गऱ्यांचे डबे आता कापडी घडीचे करणार.

ब्युटेनचं कॅनिस्टर (उन्हाळी कॅम्पिंगच्या शेगडीचं): काहीच नाही, फुस्ससुद्धा नाही. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं, त्याच्याखाली ते नुसतं द्रव. आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरमध्येही ब्युटेनचा वाटा मोठा असतो. तो सिलिंडर इथे आणला तर आजच्या दिवशी अर्धवटच चालेल.

प्रोपेनचा हिशेब. ते उकळतं उणे 42 ला. उणे 33 ला सिलिंडरमधला दाब हवेच्या दाबापेक्षा जेमतेम अर्धा बार जास्त असतो. वीस अंशांना तोच सात बारच्या वर असतो. तरी हीटरच्या बर्नरला लागतो त्याहून अर्धा बार पुष्कळ जास्त आहे. मग ज्योत का बसते?

हीटर 9000 बीटीयूचा, म्हणजे सुमारे 2.6 किलोवॉट. त्याला तासाला साधारण 200 ग्रॅम प्रोपेन लागतं. ते द्रवाचं वायू व्हायला उष्णता हवी, जवळपास 23 वॅट, आणि ती उष्णता द्रव स्वतःतूनच काढतो. एक पौंडाच्या सिलिंडरमध्ये द्रव आणि पत्रा मिळून इतकी कमी उष्णता साठलेली असते की तापमान मिनिटाला सुमारे एक अंश उतरतं. उणे 33 वरून उणे 42 ला पोचायला आठ-नऊ मिनिटं. शनिवारी सुरुवात उणे 26 वरून होती, म्हणजे या हिशेबाने सोळा मिनिटं; ज्योत बारीक व्हायला दहा लागली होती. हिशेब ढोबळमानाने जुळला तेव्हा त्या थंडीतही बरं वाटलं.

म्हणजे बाहेरून 23 वॅट द्यायचे, एवढंच. सिलिंडरला ज्योत दाखवायची नाही, हे सांगायला नको. इथे दर हिवाळ्यात कोणी ना कोणी तसं करतोच. त्यापेक्षा पाणी. एक लिटर पाणी गोठताना 334 किलोज्यूल उष्णता सोडतं. 23 वॅटने ती चार तास पुरते, आणि तोवर पाणी शून्यावरच राहतं. होज लावून सिलिंडर बर्नरपासून वेगळा केला आणि फोमच्या बादलीत पाच लिटर नळाच्या थंड पाण्यात उभा ठेवला. हीटर अंगणात दोन तास एका ज्योतीवर चालला. सिलिंडरभोवती बर्फाचा सदरा तयार होतो आणि तो उष्णता थोडी अडवतो, म्हणून अधूनमधून सिलिंडर फिरवून तो मोडायचा. तलावावर पाण्याला तोटा नाही.

तंबूत हीटर असताना वरची आणि खालची झडप दोन्ही उघडी, हा नियम कायम. कार्बन मोनॉक्साइडचा गजर साधारण शून्याच्या वर चालण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे तो घसरगाडीत गोठवत न्यायचा नाही, कोटात न्यायचा आणि तंबू तापल्यावर टांगायचा. हीटरमध्ये प्राणवायू कमी झाल्यावर ज्योत बंद करणारी सोय आहे; तिच्या भरवशावर झडपा लावून घेऊ नयेत.

3 फेब्रुवारी

चार दिवसांत हवा शून्याच्या वर. अंगणातल्या छपरावरून पाणी ठिबकतंय.

उणे 33 ला जे टिकलं ते आज बिघडलं. तंबूच्या कापडात रात्रीचा श्वास आणि हीटरची वाफ हिम होऊन बसली होती. ती गॅरेजात वितळली, रात्री परत गोठली आणि चेन दगडासारखी बंद. चेन ओढून तोडण्यापेक्षा तंबू घरात आणून दिवाणखान्यात उभा केला. मुलींनी त्यात अभ्यास केला, म्हणजे दप्तरं नेली. वाळल्यावर चेनला मेण घासलं.

तीच कथा रिळांची. बाहेरून आणून थेट टेबलावर ठेवली की धातूला घाम सुटतो, आतल्या बाजूलाही, आणि पुढच्या खेपेला तो घाम आतच गोठतो. आता पद्धत अशी: बर्फावरच सगळं बंद पिशवीत भरायचं, घरात पिशवी न उघडता रात्रभर ठेवायची, सकाळी उघडून रीळ काठीवेगळं करून वाळवायचं. फ्लॅशर आणि त्याचा ट्रान्सड्यूसरही तसाच. एकदा थंड झालेलं सामान दिवस संपेपर्यंत थंडच राहू द्यायचं. तंबूत आत-बाहेर करत राहिलं की दर फेरीला थोडं पाणी आत शिरतं. साडूला हे पटायला वेळ लागला, कारण त्याला रीळ शेकोटीशी धरायची सवय.

23 फेब्रुवारी

हिम थांबतच नाही. फेब्रुवारीतल्या हिमाचा मिनीॲपोलिसचा जुना विक्रम मोडला आहे. (नंतरची भर: महिन्याचा आकडा 39 इंच, 99 सेंटिमीटर झाला.)

तलावावर आता थंडीपेक्षा वजन हा प्रश्न. हिमाच्या भाराने बर्फ खाली दबतो, फटींतून पाणी वर येतं आणि हिमाखाली चिखलासारखा लगदा होतो. वरून काही कळत नाही. पाय घोट्यापर्यंत जातो तेव्हा कळतं. घसरगाडी त्यात थांबली की तळाला लगदा चिकटतो आणि अर्ध्या तासात ती जागेवर जोडली जाते. आज जाताना दोन फळ्या नेल्या. थांबलं की गाडी आधी फळ्यांवर. तंबूच्या कडांवर पाणी मारून त्या गोठवून बसवायची जुनी युक्ती या हवेत बंद. उठवताना कापड फाटतं. कडांवर कोरडं हिमच लोटायचं.

भोकाजवळच्या लगद्यात ड्रिल ठेवू नये, एवढं लिहून ठेवतो आणि पुढे काही लिहीत नाही.

2 मार्च

सोमवारी, 4 तारखेला, राज्याच्या या भागात बर्फावरची घरं हलवायची मुदत संपते. आमचा तंबू रोजच घडी होतो, पण शेजारच्या मोठ्या घरांना लोक सब्बल आणि साखळदोर घेऊन चिकटले आहेत. कित्येकांचे पाय फूटभर बर्फात आहेत. दोघातिघांना हात लावला. आमच्या फळ्या तिथे कामाला आल्या आणि तिथेच राहिल्या.

सामान ठेवायची कामं: गिरमिटाची पाती काढून, पुसून, तेलाचा हात देऊन मेणकागदात. रिळांचे ड्रॅग ढिले. शिसं-आम्लाची बॅटरी पूर्ण भरून, दर दोन महिन्यांनी परत चार्ज. लिथियमच्या निम्म्या भरून, घरात. तंबू पूर्ण उघडून दोन दिवस वाळवायचा. दिवाणखाना यावेळी मिळणार नाही असं स्पष्ट सांगण्यात आलं आहे.

राहिलेलं: हीटरचा होज. साध्या होजच्या रबरातलं तेल प्रोपेनमध्ये उतरून बर्नरच्या बारीक छिद्रात साचतं, ज्योत पिवळी पडायला लागली आहे. बर्नर साफ करायचा आणि मध्ये फिल्टर बसवायचा. फिल्टर साडूने मागवायचा, ऑक्टोबरच्या आत. मेव्हणीला वेगळं कळवलं आहे.